मे महिन्यातील कुलूपबंद शाळा आणि मंडळीचे दहा दिवस

महाराष्ट्रदिनाच्या आसपास शाळांचे निकाल लागतात, वर्गांच्या दारांना कुलपे पडतात आणि पुढील सुमारे दीड महिना मुलांचे करायचे काय, हा प्रश्न घराघरांत उभा राहतो. शिक्षक, कारकून, बँकेतील नोकरदार अशा मध्यमवर्गीय कुटुंबांत त्याचे उत्तर आता बाजारात मिळते. चित्रकलेचा वर्ग, स्केटिंगचा वर्ग, व्यक्तिमत्त्वविकासाचे शिबिर, हस्ताक्षरसुधारणेचा वर्ग असे फलक गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावीही एप्रिलपासून झळकू लागतात. फी भरली की मुलाची सकाळ मार्गी लागते. ज्यांना ती भरता येत नाही त्यांच्या मुलांची सुटी मात्र अगदी निराळी असते. घरी धाकटे भावंड सांभाळायचे, मिरची कांडपाच्या किंवा सांडगे-पापडांच्या कामात आईच्या हाताखाली राबायचे, नाही तर हिरण्यकेशीच्या डोहात वा एखाद्या कठडा नसलेल्या विहिरीत डुंबायला जायचे. यात आनंद नाही असे नव्हे. परंतु दर उन्हाळ्यात नदी-विहिरींत बुडालेल्या मुलांच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतील मुले कोणत्या घरांतील असतात याचा विचार वाचकांनी स्वतःशीच करावा.

पूर्वीचा मे महिना वेगळा होता, असे सांगण्याची प्रथा आहे. तीत तथ्य आहे, पण ते अर्धे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतील हजारो माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत होती. मे महिन्यात ती बायकामुलांसह गावी येत. घर भरे, वाडा भरे, आणि पंधरा-वीस मुलांवर एक आजी असली तरी भागे. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच उरल्या नाहीत. मुले कमी झाली, घरे विभक्त झाली, आई नोकरीवर किंवा रोजगारावर जाऊ लागली. मुलांना सांभाळण्याची जी सेवा एकत्र कुटुंब विनामूल्य पुरवीत असे, ती आता विकत घ्यावी लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ती घरगुती उत्पादनातून निघून बाजारात आली, आणि बाजाराचा नियम असा की ज्याच्या खिशात पैसा त्याचीच गरज तेथे मोजली जाते.

या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती मंडळ्यांच्या एका जुन्या उपक्रमाकडे लक्ष वेधावेसे वाटते. संकेश्वरमार्गे दीड-दोन तासांच्या अंतरावर असलेल्या बेळगावात मेथडिस्ट मंडळीचे काम शतकाहून अधिक काळ चालू आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर तेथे १८२० साली आले. त्या सोसायटीचे काम १९०४ साली अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनने आपल्याकडे घेतले. आमच्या कोल्हापूर संस्थानात १८५२ पासून रॉयल वाइल्डर यांचे मिशन होते, ते पुढे प्रेस्बिटेरियन झाले. पंथांचे हे भेद सामान्य वाचकाला ठाऊक नसतात आणि प्रस्तुत विषयाला त्यांची फारशी गरजही नाही. मुलांची शब्बाथ शाळा आणि उन्हाळ्यातील दहा-बारा दिवसांची सुटीतील बायबल शाळा या दोन गोष्टी बहुतेक सर्व मंडळ्यांत समान आहेत. सुटीतील या शाळेला मंडळीतील मुले 'व्ही.बी.एस.' म्हणतात आणि तिची वाट पाहतात.

या दोन्ही संस्थांचा उगम पाहण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये हाय विकम येथे हॅना बॉल नावाच्या मेथडिस्ट स्त्रीने १७६९ साली रविवारी मुलांना शिकवायला सुरुवात केली. ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली तशीच शाळा काढली आणि ती चळवळ फोफावली. दिवस रविवार का? कारण उरलेले सहा दिवस ती मुले कामावर असत. अक्षरओळखीसाठी मोकळा असा त्यांना तेवढाच एक दिवस होता. सुटीतील शाळेची कथाही याच धर्तीची. १८९८ साली न्यूयॉर्कच्या पूर्व भागात एलायझा हॉज या बाईंनी, उन्हाळ्यात रस्त्यावर उंडारणाऱ्या गरीब वस्तीतील मुलांसाठी, चक्क बिअर विकण्याची एक जागा भाड्याने घेऊन शाळा भरविली. आईबाप कामावर, शाळा बंद, घर म्हणजे एक कोंदट खोली, अशा मुलांची सकाळ कोणी तरी सांभाळली पाहिजे, ही तिची प्रेरणा होती. धर्मशिक्षण होतेच, पण ते एका आर्थिक गरजेच्या पायावर उभे होते. हिंदुस्थानातही १८७६ सालीच इंडिया संडे स्कूल युनियनची स्थापना झाली होती, त्यामुळे मुलांचे वर्ग चालविण्याची सवय येथील मंडळ्यांना फार पूर्वीपासून आहे.

या दहा दिवसांत घडते तरी काय? सकाळी आठच्या सुमारास मुले जमतात. वयानुसार तीन-चार गट पडतात. हावभावांसह गाणी होतात, एक गोष्ट होते, एक वचन पाठ करायचे असते. मग रंगीत कागद, डिंक, कात्र्या निघतात. मध्येच सरबत किंवा केळे. शेवटी खेळ, आणि अकराच्या आत, ऊन चढण्यापूर्वी, मुले घरी. शेवटच्या दिवशी आईबापांसमोर कार्यक्रम, हजेरीची बक्षिसे. शिकविणारे कोण? मंडळीतील कॉलेजात जाणाऱ्या मुली, एखाद्या निवृत्त शिक्षिका, पाळकांची पत्नी, तरुण संघातील दोन-चार मुलगे. आठवडाभर आधी त्यांची स्वतःची तयारी होते. या सर्वांत पंचतारांकित असे काहीही नाही.

आता याचा जमाखर्च मांडून पाहू. समजा साठ मुले आहेत, दिवस दहा आणि रोजचे तास तीन. म्हणजे अठराशे बालतास झाले. शिकविणारे आठ जण धरले तर त्यांचे तास दोनशे चाळीस, तयारीचे आणखी साठ-सत्तर. इमारत मंडळीची, ती एरवी आठवड्यातून एकदाच गजबजते, तेव्हा तिच्या वापराचा जादा खर्च जवळजवळ शून्य. राहता राहिला खर्च कागद-रंगांचा, खाऊचा आणि बक्षिसांचा, आणि तो दहा-वीस कुटुंबे सहज उचलतात. बाजारातील शिबिरात फीचा मोठा भाग जागेचे भाडे, शिक्षकांचे मानधन आणि जाहिरात यांवर जातो. येथे हे तिन्ही नाहीत. तेव्हा स्वस्ताईचे रहस्य दोन गोष्टींत आहे : पडून असलेली इमारत आणि विनावेतन श्रम. त्यांपैकी दुसरीविषयी थोडे सावध राहिले पाहिजे. हे श्रम बहुतांशी स्त्रियांचे असतात, ते राष्ट्रीय उत्पन्नात कोठेही धरले जात नाहीत, आणि अनेकदा आभाराच्या भाषणातही धरले जात नाहीत. ज्या मुली दहा दिवस साठ मुले सांभाळतात, त्यांना मंडळीच्या कारभारात किती स्थान असते हा प्रश्न मंडळ्यांनी स्वतःला विचारला तर बरे.

येथे एक आक्षेप येणार हे उघड आहे, आणि त्याला बगल देण्यात अर्थ नाही. 'हे सारे मुलांना बाटविण्यासाठी चालते' असे म्हणणारे पूर्वीही होते, आज त्यांचा आवाज अधिक मोठा आहे. अशा वर्गात गल्लीतील इतर धर्मांची मुलेही गाण्यांच्या आणि खाऊच्या ओढीने येतात, ही गोष्ट खरी. तेथे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी बायबलातील असतात, हेही खरे. परंतु मे महिना हा आपल्याकडे सर्वांच्याच शिबिरांचा महिना आहे. राष्ट्र सेवा दलाची शिबिरे १९४१ पासूनच्या परंपरेची, संघाचे वर्ग याच दिवसांत, वारकऱ्यांची बालसंस्कार शिबिरे याच दिवसांत, जैन समाजाची याच दिवसांत. कोवळ्या वयात मनाला वळण लावावे असे प्रत्येकाला वाटते. मग एकाच्या शिबिराला संस्कार म्हणायचे आणि दुसऱ्याच्या शिबिराला कारस्थान, हा न्याय टिकणारा नाही.

तथापि पालकाचा अधिकार हा निखळ प्रश्न उरतोच. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदातील तिसऱ्या खंडाने, शासनमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला धर्मशिक्षणात सहभागी करावयाचे तर त्याच्या पालकाची संमती हवी, असे ठरविले आहे. मंडळीची सुटीतील शाळा ही काही अनुदानित संस्था नव्हे, तिला हा अनुच्छेद लागू होत नाही. तरीही त्यातील तत्त्व तिने आपण होऊन पाळावे असे मला आग्रहाने वाटते. फलकावर काय शिकविले जाईल ते स्पष्ट लिहावे. अन्य धर्मीयांच्या मुलाला घेण्यापूर्वी आईबापाची लेखी संमती घ्यावी. ज्याला गोष्ट ऐकायची नाही त्याला खेळाच्या तासाला मुभा असावी, आणि बक्षीस प्रार्थनेच्या हजेरीशी बांधलेले नसावे. असे केल्याने मंडळीचे काही कमी होणार नाही. उलट संशयाला जागाच राहणार नाही, आणि ज्यांना संशय हाच धंदा करायचा आहे ते उघडे पडतील.

आणखी एक तक्रार नोंदवितो, ती अभिरुचीची आहे. या वर्गांत वापरली जाणारी पुस्तके व गाणी अनेकदा परदेशी साच्याची असतात. चित्रांत बर्फ असते, आपल्या मुलांनी कधी न चाखलेली फळे असतात, आणि ध्वनिफितीवरील चालीवर इंग्रजी शब्द घोकले जातात. ज्या मराठी ख्रिस्ती समाजाने नारायण वामन टिळकांसारखा फुलामुलांचा कवी दिला, ज्या टिळकांनी कीर्तन आणि भजन उपासनामंदिरात आणले, त्या समाजाच्या मुलांना उसन्या चाली कशाला हव्यात? सामानगडाची एक सहल, काजूच्या बीपासून गरापर्यंतचा प्रवास, करवंदांची जाळी, फुटबॉलच्या वेडासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावातील एखाद्या जुन्या खेळाडूची शिकवणी, हे सारे त्या दहा दिवसांत सहज बसू शकते. पोहायला शिकविणे तर सर्वांत आधी.

पण माझा मुख्य रोख मंडळीकडे नाही, गावाकडे आहे. एखादी लहानशी मंडळी जे करू शकते ते नगरपरिषद आणि जिल्हा परिषद यांना का जमू नये? या काळात सार्वजनिक पैशातून उभारलेल्या शेकडो वर्गखोल्या, पटांगणे, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, स्वयंपाकखोल्या निरुपयोगी पडून असतात. कारखान्यातील यंत्र दीड महिना बंद राहिले तर संचालक मंडळाला जाब विचारला जातो. येथे कोणी विचारीत नाही. या रिकामेपणाची किंमत मुले मोजतात. अमेरिकेत हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उन्हाळी सुटीत मुलांचे शिक्षण सरासरीने सुमारे महिनाभर मागे पडते असे दिसले. वाचनाच्या बाबतीत खाली घसरणारी मुले गरीब घरांतील होती. सुस्थितीतील मुले टिकून राहिली. त्या देशाचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही, पण जूनमध्ये वर्गावर उभे राहणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ही स्थिती अपरिचित वाटणार नाही.

पोटाचा प्रश्न याहून तातडीचा. शाळेतील दुपारचे जेवण शाळेबरोबरच बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही ते देण्यास सांगितले. म्हणजे सुटीतही भूक लागते हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले, फक्त दुष्काळाच्या चौकटीत. ऊसपट्ट्याला दुष्काळी कोण म्हणेल? परंतु हंगाम संपल्यावर ज्याच्या हाताला काम नाही अशा शेतमजुराच्या घरी मे महिना कसा जातो, हे पर्जन्यमापकावरून कळत नाही.

मनुष्यबळाचे काय, असे विचारले जाईल. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास समाजकार्य करावे असा तिचा नियम आहे. हे तास कसे भरतात हे आम्हा प्राध्यापकांना माहीत असते, त्यावर येथे अधिक न लिहिलेले बरे. त्यांतील तीस तास जरी वाचन, गोष्टी आणि खेळ यांसाठी वस्तीतील शाळेत खर्ची पडले, तरी वर मांडलेल्या हिशेबातील आठ शिक्षक प्रत्येक शाळेला मिळू शकतात. विद्यापीठाच्या परीक्षा याच सुमारास येतात ही खरी अडचण आहे. त्यासाठी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आधी मोकळे करावे लागतील किंवा वर्ग मेच्या उत्तरार्धात भरवावे लागतील. धर्माचा प्रश्न येथे उद्भवतच नाही. सकाळच्या तीन तासांत वाचन, हस्तकला, खेळ आणि नंतर खिचडी, एवढाच कार्यक्रम.

यासाठी नवी योजना, नवी समिती, नवा शासननिर्णय यांची वाट पाहण्याचे कारण नाही. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प वर्षारंभीच तयार होतो. पुढील अर्थसंकल्पात कागद, रंग, चेंडू आणि खिचडी यांसाठी एक लहानसे शीर्षक घालता येईल. प्रारंभी दोनच शाळा घ्याव्यात, एक गावातील आणि एक नदीकाठच्या वस्तीतील. राहिला प्रश्न किल्ल्यांचा. सुटीत शाळेची किल्ली कोणाकडे असावी, खोलीतील बाक मोडला तर जबाबदार कोण, शिपायाला जादा भत्ता द्यावयाचा की नाही, या तीन बाबींवर मुख्याध्यापक व प्रशासनाधिकारी यांनी फेब्रुवारीतच लेखी निर्णय करून ठेवला पाहिजे.