यादीत न आलेला पक्षी

पक्षी पाहण्याच्या सहलीचा शेवटचा दिवस म्हणजे यादी जुळवण्याचा दिवस. कोणी काय पाहिले, कोणाच्या वहीत काय राहून गेले, याचा मेळ घालायचा आणि मग परतीची गाडी धरायची. आमच्या वस्तीतील पाच कुटुंबांनी जानेवारीत रोहा-पेण भागात अशी तीन दिवसांची सहल काढली होती.

पहिले दोन दिवस फणसाडच्या जंगलात गेले. रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेले हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. शिकारीचे रान आता सामान्य माणसाची मुले वही-पेन्सिल घेऊन पाहतात, हीही लहान गोष्ट नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेणजवळच्या खाडीवर होतो. ओहोटी लागली आणि चिखल उघडा पडला, तसे तुतवार, चिखल्या, शेकाटे उतरू लागले. यांतले कित्येक पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियाकडून हिवाळ्यापुरते येतात. कोणाची चोच आखूड, कोणाची लांब. त्यामुळे कोणी वरचे किडे टिपतो, कोणी खोलवरचे. एकाच चिखलात सर्वांचे पोट भरते.

भरती आल्यावर बांधावर बसून यादी वाचली. तेव्हा एका मुलीने विचारले, “गिधाड कोणीच नाही लिहिलं?” सोबतच्या आजी म्हणाल्या, “आमच्या गावाला ढोर मेलं की गिधाडांचा थवाच उतरायचा, पोरी. दोन घटकांत हाडं उरायची. आता कुत्री तेवढी दिसतात.”

आजींचे म्हणणे खरे आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कारण होते जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. ते टोचलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडाने खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. २००४ साली हे सिद्ध झाले आणि २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही आली.

गिधाडे गेली, मेलेली ढोरे कुजत पडली, पाणी नासले, भटकी कुत्री वाढली. यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख माणसे जादा दगावली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. मेलेली ढोरे टाकण्याची जागा गावाच्या कोणत्या बाजूला असते आणि तिच्याजवळ कोण राहते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. आपल्या वाडवडिलांनी ते मानले. मेलेले ढोर ओढणे हे माणसावर जातीने लादलेले काम होते. गिधाडाचे तसे नाही. ते त्याचे अन्न आहे आणि त्यातून साऱ्या गावाची सफाई होते. माणसाने ते काम टाकले, हे योग्यच झाले. गिधाडाला मात्र ते निर्धोक करता यावे.

हे होऊ शकते. रायगडमध्येच म्हसळा तालुक्यात चिरगावला गावकऱ्यांच्या साथीने गिधाडांची घरटी राखण्याचे काम झाले आहे. तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, गावी गेलात की गुरे पाळणाऱ्या नातेवाइकांना एवढे जरूर सांगा: जनावर आजारी पडले तर कोणते इंजेक्शन देता, ते डॉक्टरांना विचारा. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक जनावराला टोचू देऊ नका. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे, तेच मागा. आणि मुलांना घेऊन पक्षी पाहायला जाल, तेव्हा घरातल्या आजी-आजोबांनाही सोबत न्या. पुस्तकात नसलेले बरेच काही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.