विंडोज बदलली, पेजमेकर पडला

पत्रिका छापणाऱ्यांचा हंगाम आणि मायक्रोसॉफ्टचं कॅलेंडर यांचं कधीच जुळलं नाही. विंडोज १० चा पाठिंबा संपला तो १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची कामं तेव्हा टेबलावर यायला लागलेली असतात. पनवेलच्या बाजारपेठेतल्या डीटीपीवाल्यांपैकी काहींनी तेव्हाच नवी विंडोज ‘मारून’ घेतली, काहींनी सराई उरकल्यावर. तक्रार दोघांचीही एकच आहे. पेजमेकर उघडतो, फाईल उघडायला जातो आणि काही न बोलता बंद पडतो. नाहीतर मराठीचं सॉफ्टवेअर सांगतं की लॉक सापडत नाही, आणि लॉक तर मागच्या यूएसबीत दिवा लावून बसलेलं असतं.

यावर बाजारातला इलाज ठरलेला: ‘फॉरमॅट मारून टाका.’ या इलाजाला माझा विरोध आहे, कारण तो आजार आणि पुरावा दोन्ही एकदमच पुसतो. शिवाय जुन्या प्रोग्रॅमची सीडी सापडत नाही, हे फॉरमॅट झाल्यावरच कळतं. अपग्रेड केल्यापासून १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत ‘गो बॅक’ म्हणून जुन्या विंडोजवर परतता येतं. त्यासाठी सी ड्राइव्हवरचं ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर जागेवर हवं. आपली मंडळी नेमकं तेच जागा खातं म्हणून पहिल्या दिवशी उडवतात.

आधी मशीन काय म्हणतंय ते वाचा. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाईप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येते. तिथे तारखांखाली लाल फुल्या असतात. फुलीवर दोनदा क्लिक केलं की कोणता प्रोग्रॅम, किती वाजता पडला आणि पडताना कोणत्या फाईलचं काम चालू होतं (‘फॉल्ट मॉड्यूल नेम’) हे लिहिलेलं सापडतं. तिथे प्रिंटर ड्रायव्हरची फाईल दिसली तर पेजमेकरला हात लावायचं कारणच नाही. पेजमेकर पानाची मांडणीच मुळी प्रिंटरला विचारून करतो, आणि अपग्रेडनंतर डीफॉल्ट प्रिंटर बदललेला असणं काही नवलाचं नाही. तो बदलून बघा. पुष्कळदा काम तिथेच होतं. विंडोजचीच एखादी फाईल दिसली तर मात्र लगेच विंडोजला शिव्या घालू नका. प्रोग्रॅम कुठे पडला एवढंच त्यातून कळतं. त्याला कोणी पाडलं हे कळत नाही.

‘वीस वर्षं चालत होता, आता काय झालं?’ हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. त्याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर एका खेळात आहे. २००४ साली आलेल्या ‘जीटीए : सॅन अँड्रियास’मध्ये स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर हे विमान खेळातून नाहीसं झालं. जबरदस्तीने आणू पाहणारा खेळाडू थेट आभाळात फेकला जायचा. २०२५ मध्ये एका प्रोग्रॅमरने मूळ शोधलं. वाहनांच्या यादीत स्किमरच्या ओळीत चाकांचं माप लिहायचंच राहून गेलं होतं, आणि माप नसेल तर काय धरायचं हेही प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नव्हतं. मग इतकी वर्षं तो चालला कसा? यादीत स्किमरच्या आधी असलेल्या वाहनाचं माप मेमरीत तसंच पडून राहायचं आणि तेच उचललं जायचं. आधीच्या बिऱ्हाडाने विसरलेल्या गॅस सिलिंडरवर नव्या भाडेकरूने वीस वर्षं स्वयंपाक करावा, तसा हा प्रकार. नव्या विंडोजने आपल्या एका अंतर्गत कामासाठी मेमरीतली तीच जागा वापरायला घेतली आणि जुनं माप पुसलं गेलं. यात विंडोजने कोणताही नियम मोडला नव्हता.

आपल्या जुन्या प्रोग्रॅमांत असे किती स्किमर असतील कोण जाणे. एका बाबतीत मात्र दोष मायक्रोसॉफ्टचाही आहे. टीपीएम चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे म्हणून धडधाकट मशीन अपात्र ठरवायची, हा हट्ट छोट्या दुकानदाराला परवडणारा नाही. मग तो आडमार्गाने विंडोज ११ चढवतो आणि पुढच्या दुखण्यांना तोंड फुटतं.

आता लॉक. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या पिढीतल्या मराठी पॅकेजांबरोबर हार्डवेअर लॉक येणं नेहमीचं होतं. प्रोग्रॅम ३२ बिटचा असला तरी ६४ बिटच्या विंडोजवर चालतो. लॉकच्या ड्रायव्हरला ही सवलत नाही. तो ६४ बिटचा आणि सही असलेलाच लागतो. विंडोज ११ ला तर ३२ बिटची आवृत्तीच नाही. १६ बिटचे प्रोग्रॅम तिथे संपले, आणि नव्वदीतल्या काही पॅकेजांचा सेटअप १६ बिटचा असल्यामुळे ती चढतसुद्धा नाहीत. त्यात ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचा पहारा विंडोज ११ च्या नव्या मशीनवर बहुधा आधीपासूनच चालू असतो आणि जुन्या ड्रायव्हरला दारातच अडवतो. विंडोज सिक्युरिटीत, डिव्हाइस सिक्युरिटीखाली, कोअर आयसोलेशनमध्ये अडवलेल्यांची यादी दिसते. हा पहारा बंद केला की लॉक सापडतं, हे खरं. पण दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह ज्या मशीनला लागतात, तिथे मी तो बंद करणार नाही. आधी नवा ड्रायव्हर शोधा. सीडीवर अलादिन कंपनीचं नाव असेल तर ती २००९ मध्ये सेफनेटकडे गेली, सेफनेट २०१५ मध्ये जेमाल्टोकडे आणि जेमाल्टो २०१९ मध्ये थेल्सकडे. त्यामुळे अलादिनच्या हास्प लॉकचा ड्रायव्हर आता थेल्सकडे मागावा लागतो.

एवढं सगळं करून पेजमेकर उभा राहिला, तरी मला खरी काळजी आतल्या मजकुराची वाटते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड कळत नाही. त्या काळच्या फाँटांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, कुठल्यातरी रोमन चिन्हाच्या जागी त्याचं चित्र बसवलेलं असतं. फाँट गेला की उरतो तो कचरा. इस्की हे भारतीय प्रमाण १९९१ चं, युनिकोडही त्याच वर्षीचं. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा युनिकोड फाँट विंडोज २००० पासून घरोघर पोचला. तरी छपाईची दुकानं तिकडे वळली नाहीत. त्यात त्यांचा दोष अर्धाच. इनडिझाईनला आपली जोडाक्षरं नीट जुळवता यायला २०१२ ची सीएस ६ आवृत्ती उजाडली. तोवर गिऱ्हाईक काही थांबणार नव्हतं.

त्या जुन्या फायलींत आहे तरी काय? गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, वधूवर मेळाव्यांच्या पुस्तिका, १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेलची महापालिका होण्याआधीच्या नगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतींच्या जाहिराती, इथल्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव द्या म्हणणारी पत्रकं. या गावाचा तीस वर्षांचा छापील व्यवहार एखाद्या लॉकच्या दिव्यावर अवलंबून असावा, हे मला मंजूर नाही. दुकानदार म्हणतात, ‘पीडीएफ आहे की.’ पीडीएफ दिसायला ठीक असते. पण त्यातून एक ओळ कॉपी करून बघा किंवा एखादं आडनाव शोधून बघा, सापडत नाही. पीडीएफमध्येही तीच रोमन चिन्हं गेलेली असतात.

म्हणून जुनी विंडोज असलेलं एक मशीन मोडीत काढू नका. त्याची इंटरनेटची वायर काढा, लॉक त्यालाच लावून ठेवा आणि रिकाम्या दुपारी एकेक फाईल उघडून मजकूर युनिकोडमध्ये काढा. कन्व्हर्टर मिळतात, आणि मराठी पॅकेजांच्या नव्या आवृत्त्यांत ही सोय असते. वाढीव सुरक्षा घेणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची मुदत दिली होती. वायर काढलेल्या मशीनला त्या तारखेशीही देणंघेणं नाही. सुरुवात वर्गणीदारांच्या याद्यांपासून करा. दर वर्षी त्याच लागतात. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. ती दोन्ही डोळ्यांनीच तपासावी लागतील, कारण आडनाव चुकलं तर पुढच्या वर्षी मंडळ अहवालाचं काम दुसऱ्या दुकानात देतं.