पोटातला भाडेकरू

मुलांनो, तुमच्या आतड्यात एक भाडेकरू राहतो, ई. कोलाय! डॉ. थिओडोर एशेरिश यांना तो १८८५ च्या सुमारास जर्मनीत तान्ह्या बाळांच्या शीमध्ये सापडला. (नाकं मुरडू नका हं!) एरवी हा गुणी. 'के' जीवनसत्त्व बनवतो, ते रक्त गोठायला लागतं. पण त्याचे काही भाऊबंद वाईट. घाण पाण्यातून पोटात गेले, की जुलाब! वाढही केवढी! सगळं मनासारखं मिळालं, तर वीस मिनिटांत एकाचे दोन. सहा तासांत किती? करा बरं गणित. अडीच लाखांच्या वर!

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली आठ मुलं जुलाबांनी घरी होती. शाळेच्या टाकीला झाकणच नव्हतं. आता आहे. आणि डबा खायच्या आधी मी साबण घेऊन नळापाशी उभी असते. पालकहो, जलसंजीवनीचं पाकीट घरात आहे ना?