जिवाणू बिचारा, लायसन्स वाईट

जीएम पिकांचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित शहरी मंडळींत दोनच पार्ट्या पडतात. एक म्हणते, "हे निसर्गाच्या विरुद्ध आहे." दुसरी म्हणते, "तुम्हाला विज्ञान कळत नाही." दोघंही तावातावाने भांडतात आणि खरा प्रश्न बाजूलाच राहतो. तो म्हणजे, ज्या हत्याराने ही पिकं बनतात, ते कुणाच्या मालकीचं?

आधी पहिल्या पार्टीबद्दल. मातीत ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू असतो. झाडाला जखम झाली की तिथून पाझरणाऱ्या रसायनांचा त्याला सुगावा लागतो. मग तो आपल्या डीएनएचा एक तुकडा कापून झाडाच्या पेशीत घुसवतो. तिथे गाठ येते आणि झाड मुकाट्याने त्याच्यासाठी अन्न बनवायला लागतं. थोडक्यात, हॅकिंग. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातली गाठ आणणारी जनुकं काढली आणि हवी ती जनुकं घातली. डिलिव्हरीची यंत्रणा जिवाणूचीच, पार्सल फक्त आपलं. हे तो आपणहूनही करत आलाय. २०१५ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रताळ्यात याच कुळातल्या जिवाणूचा डीएनए सापडला, तोही तपासलेल्या सगळ्या २९१ लागवडीच्या वाणांत! म्हणजे एकादशीला आपण रताळ्याचा कीस खातो, तोही जीएमच. प्रत्येक नवं पीक नीट तपासलंच पाहिजे, पण "निसर्गाविरुद्ध" हा मुद्दा बाद.

आता दुसरी पार्टी. विज्ञान कळतं ना? मग लायसन्सही वाचा. २००० साली गोल्डन राइस तयार झाला, याच जिवाणूच्या मदतीने. नंतर मोजलं तर त्यात सुमारे ७० पेटंटं गुंतलेली निघाली, मालक ३२! यातली बरीचशी गरीब देशांत लागूच नव्हती म्हणे. पण तेवढं शोधायलाही वकील लागतो, राव.

यावर रिचर्ड जेफरसन या माणसाने जे केलं ते आपल्या धंद्यातल्या लोकांना चटकन कळेल. ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या कॅम्बिया संस्थेने २००५ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की हे काम करणारा ॲग्रोबॅक्टेरियम एकटाच नाही. त्याचा प्लाझ्मिड रायझोबियमच्या कुळातल्या तीन जिवाणूंत टाकला, आणि त्यांनी तंबाखू, भात वगैरे झाडांत जनुकं पोचवली. नाव ठेवलं ट्रान्सबॅक्टर. आणि लायसन्स? ओपन सोर्स! हत्यारात सुधारणा केलीत तर ती बाकीच्या लायसन्सधारकांनाही वापरू द्यायची. त्यातून बनवलेलं पीक मात्र तुमचं. कंपायलर सगळ्यांचा, प्रोग्रॅम तुमचा.

कुणी म्हणेल, पण ते चाललं कुठे? खरंय, नवे जिवाणू ॲग्रोबॅक्टेरियमइतके कार्यक्षम नव्हते, आणि त्याची जागाही ते घेऊ शकले नाहीत. पण म्हणून कल्पना चुकीची ठरत नाही. लिनक्सचं पहिलं व्हर्जन कुठे धावत होतं?

"ॲग्रोबॅक्टेरियमची जुनी पेटंटं तर संपली, आता काय?" आता क्रिस्पर. मे २०२५ मध्ये आपल्या सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. कौतुकच आहे, आपल्याच सरकारी संस्थांनी केलेत. पण क्रिस्परच्या मूळ पेटंटांवरून परदेशी संस्था वर्षानुवर्षे कोर्टात भांडताहेत. वाण आपला, पण कंपायलर कुणाचा?

हा प्रश्न एसीत बसून चघळायचा नाहीये. बीटी कापसाच्या पाकिटात तंत्रज्ञानाची ट्रेट फी असायची, आणि ती भरायचा यवतमाळचा कोरडवाहू शेतकरी. शेवटी २०१६ मध्ये सरकारला बियाण्याची किंमत आणि ती फी, दोन्ही आदेश काढून ठरवावी लागली. किंमत कमी झाली, पण मालकी तिथेच राहिली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या टॅक्सच्या पैशातून बनणारं प्रत्येक जैवतंत्रज्ञानाचं हत्यार खुल्या लायसन्सखाली आलं पाहिजे. दिवसभर फुकटच्या लिनक्सवर पोट भरणाऱ्या आपण तरी ही मागणी करायला नको?

पुढच्या वेळी कुणी "जीएमच्या बाजूने की विरोधात?" असं विचारलं, तर सांगा, आधी लायसन्स दाखव, मग बोलू.