आयर्नमॅन राहू दे, आधी पावणेसव्वीस!

‘ट्रायथलॉन’ म्हटलं की तुमच्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं? बहुतेकांच्या डोक्यात ‘आयर्नमॅन’ येतं. खांद्यावर तिरंगा, गळ्यात मेडल, शेजारी महागडी सायकल आणि खाली झकास कॅप्शन. आमच्या डेस्कवर अशा फोटोंच्या प्रेसनोट येत असतात आणि इंटर्न असल्यामुळे त्या नीट करून द्यायचं काम माझ्याकडे येतं. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि लगेच वर 42.2 किलोमीटर धावणं. तुम्ही वाचता, ‘भारी!’ म्हणता, लाइक ठोकता आणि पुढे स्क्रोल करता. एवढं अंतर आपल्याला झेपणार नाही आणि एवढी सायकल परवडणार नाही, हे तुमचं आधीच ठरलेलं असतं.

माझं म्हणणं असं की, अंतर आणि सायकल या दोन्हींचा बाऊ उगाच झालाय. ट्रायथलॉनच्या दारात आपल्याला खरं अडवतं ते पाणी. आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

आधी अंतराचं बघू. हा खेळ जन्माला आला तोच मुळी छोटा. 25 सप्टेंबर 1974 रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बेला, एका बुधवारी संध्याकाळी, 46 जण जमले आणि धावले, सायकल चालवली, पोहले. पोहण्याचं एकूण अंतर होतं 500 यार्ड, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्याही आत. त्या 46 जणांत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे नौदलातलं जोडपं होतं. पुढे हवाईला गेल्यावर पोहणारे भारी, सायकलवाले भारी की धावणारे भारी, या वादातून त्यांनी तिथल्या तीन मोठ्या अंतरांची मोट बांधली आणि फेब्रुवारी 1978 मध्ये पहिली आयर्नमॅन झाली. सुरुवात केली 15 जणांनी, संपवली 12 जणांनी. म्हणजे आयर्नमॅन हे या खेळाचं मूळ नाहीच. काही वर्षांनी रंगलेल्या एका पैजेतून ते आलं.

आजही या खेळाला पायऱ्या आहेत. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून जी ट्रायथलॉन आपण टीव्हीवर बघतो, तिचं अंतर 1.5 किलोमीटर पोहणं, 40 सायकल आणि 10 धावणं. मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 मध्ये सुरू झालेली गोव्याची ‘70.3’ म्हणजे अर्धी आयर्नमॅन. आणि या सगळ्यांच्या खाली, सगळ्यात जवळची पायरी म्हणजे स्प्रिंट : 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. बेरीज करा. पावणेसव्वीस किलोमीटर! चालत्याफिरत्या, धडधाकट पोराला किंवा पोरीला तीन-चार महिन्यांच्या शिस्तीत जमण्यासारखं. पण पावणेसव्वीसची बातमी होत नाही. तिला कुणी ‘लोहकन्या’ म्हणत नाही. म्हणून तुमच्यापर्यंत ती पायरी पोहोचतच नाही, थेट गच्चीच दिसते.

आता सायकल. कार्बन फ्रेमची सायकल लाखांत जाते, हे खरंय. पण अशा छोट्या स्पर्धेत तिच्यावाचून काही अडत नाही. ब्रेक चांगले हवेत, टायर धड हवेत आणि डोक्यावर हेल्मेट हवं. हेल्मेटचा नियम तर इतका कडक की, त्याचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल हलवायचीही नाही. गेल्या वर्षी मी पहिली स्प्रिंट केली ती मामेभावाच्या गिअरच्या सायकलवर. तिच्या हँडलला अजून त्याच्या क्लासच्या पिशवीचा हुक होता. माझ्या पुढून शंभर सायकली गेल्या असतील, पण हुकामुळे कुणी बाद केलं नाही.

पाणी मात्र बाद करतं. ट्रायथलॉनमध्ये पोहणं पहिलं असतं. आयर्नमॅनला एकूण वेळ साधारण 17 तासांचा मिळतो, पण त्यातलं पोहणं सव्वादोन-अडीच तासांच्या आत संपलं नाही तर तुम्हाला तिथेच थांबवतात. तुम्ही वाऱ्यासारखी सायकल चालवत असाल, रोज दहा किलोमीटर पळत असाल, काही उपयोग नाही. सगळ्यात कमी वेळ खाणारा भाग पाण्याचा, पण आत जायचं तिकीट तोच फाडतो.

आणि इथे आपली गंमत होते. वर्गात विचारा, ‘पोहता येतं का?’ निम्मे हात वर येतील. मग विचारा, ‘न थांबता 750 मीटर?’ पंचवीस मीटरच्या टँकमध्ये हे 30 वेळा आरपार जाणं झालं. आता हात मोजा. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं ‘येतं’ म्हणजे चौथीच्या सुट्टीत समर कँपला शिकलेलं, कडेकडेने एकदा पलीकडे जाण्यापुरतं असतं. दहावीचं वर्ष आलं, क्लास लागले आणि टँक सुटला तो सुटलाच.

मलाही टँकमध्ये 30 फेऱ्या व्हायला नऊ आठवडे लागले. हातांत ताकद कमी पडत होती असं नाही. श्वास पुरत नव्हता. पाण्यात आपण श्वास घ्यायची घाई करतो आणि सोडायचं विसरतो. आमच्या हॉस्टेलमधली माझी रूममेट माण तालुक्यातली, विहिरीत पोहायला शिकलेली. पाठीला डबा बांधून तिच्या आजोबांनी तिला ढकललं होतं. ती एकदा माझ्यासोबत आली आणि काठावर बसून म्हणाली, ‘अगं, पाण्याशी भांडतेस कशाला? आधी बुडबुडे सोड, मग हात मार.’ कोचने महिनाभर इंग्रजीत सांगितलेलं तिने एका वाक्यात सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी तिचं म्हणणं आणखी पटलं. टँक आणि तलाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तलावात तळाची काळी रेघ नसते, चार फुटांवर पाय टेकत नाही, दमलं तर धरायला भिंत नसते. हिरवट पाण्यात स्वतःचा कोपरसुद्धा दिसत नाही. दर सात-आठ हातांनी डोकं वर काढून तो नारिंगी बोया कुठे आहे ते बघायचं, नाहीतर तुम्ही भलतीकडेच निघालेले असता. शेजारच्याची लाथ बसते. माझ्या बाजूला सहा फुटी, जिममध्ये कमावलेल्या अंगाचा एक मुलगा पहिल्या दोनशे मीटरमध्येच कयाक धरून थांबला होता. तो घाबरट नव्हता. त्याला पाय न टेकणाऱ्या पाण्याची सवय नव्हती, एवढंच. विहिरीत शिकलेल्या पोरापोरींकडे नेमकी तीच सवय असते. त्यामुळे गावाकडून शहरात शिकायला आलेल्या वाचकांनो, या खेळात तुम्ही शहरातल्या पोरांच्या एक पाऊल पुढे आहात, हे लक्षात असू द्या.

माझं पोहणं झालं 24 मिनिटांत. मग ओल्या अंगाने पळत सायकलपर्यंत, तिथे चार मिनिटं, सायकल 56 मिनिटं, परत बूट बदलायला दोन. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले नसतातच. पहिला एक किलोमीटर कुणीतरी उसने दिलेल्या पायांनी पळतोय असं वाटतं. म्हणून सरावात सायकल झाली की लगेच थोडं धावायचं असतं, त्याला ‘ब्रिक’ म्हणतात. धावायला 37 मिनिटं. एकूण 2 तास 3 मिनिटं. माझ्या वयोगटात शेवटून चौथी. आकडे मुद्दाम देतेय. हे कुठल्याही रेकॉर्डचे आकडे नाहीत, बारा आठवडे रोज तासभर दिलेल्या साध्या विद्यार्थिनीचे आहेत. तुमचे याहून चांगले येतील.

तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? जायचं आणि शिकायचं. अडचण अशी की, टँक आहेत पण आपल्या वेळेला नाहीत. मी जिथे जात होते, तिथे मुलींची स्वतंत्र बॅच दुपारी. म्हणजे नेमकी लेक्चरच्या वेळेला. सकाळच्या मिश्र बॅचला जायचं तर घरून प्रश्न आणि काठावरून नजरा. सायकलच्या सरावाला पहाटे पाचला एकटीने हायवेवर जाणं किती मुलींना शक्य आहे, हेही विचारून बघा. ट्रायथलॉनच्या फोटोंत मुली कमी का दिसतात, याचं उत्तर त्यांच्या ताकदीत नाही, अशा वेळापत्रकांत आहे.

नद्यांचं तर बोलायलाच नको. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सीन नदीचं पाणी दूषित निघालं म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली, तर जगभर चर्चा झाली. पुण्यात मुठेच्या पुलावरून रोज कॉलेजला जाताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि त्याची चर्चासुद्धा होत नाही. नदीच्या काठावर वसलेल्या शहरातल्या पोरांना पोहायला क्लोरिनच्या टँकचीच वाट धरावी लागते, यात आपल्याला काही खटकेनासं झालंय.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जिथे उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन पळावं लागतं, तिथे टँक कसले बांधताय? मी नवे टँक मागत नाहीये. आहेत त्यांचं दार विद्यार्थ्यांच्या वेळेला उघडावं, एवढंच मागतेय. कॉलेजच्या डेजवर, फेस्टच्या लाइटवर, सेलिब्रिटीच्या मानधनावर जो खर्च होतो, त्यातला थोडा भाग जवळच्या टँकची सकाळची एक बॅच आणि एक प्रशिक्षक मिळवायला पुरे आहे. त्या बॅचमधून दरवर्षी दहा-बारा जण जरी पावणेसव्वीसला उभे राहिले तरी चालेल. एकट्याला तिन्ही जमत नसेल तर रिले असतेच : एकाने पोहायचं, दुसऱ्याने सायकल, तिसऱ्याने धावायचं. ग्रुप प्रोजेक्टसारखंच, फक्त इथे कुणाला नुसतं नाव टाकून सुटता येत नाही.

आणि समजा, एकानेही ट्रायथलॉन केली नाही, तरी ती बॅच वाया जाणार नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या एका कॉलेजचे सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, तेव्हा मी शाळेत होते. ती बातमी अजून लक्षात आहे. त्यानंतरही दर पावसाळ्यात धरण, धबधबा, समुद्र अशा बातम्या येतच राहतात आणि त्यातली वयं बहुतेकदा आपलीच असतात. पोहता आलं म्हणजे समुद्र सुरक्षित होतो, असं अजिबात नाही. भरतीच्या ओढीपुढे चांगले पोहणारेही हतबल होतात. पण ज्याला 750 मीटर पोहण्याची किंमत कळलेली असते, त्याला पाण्याचा अंदाज घ्यायची सवय लागते. ‘चल रे, गुडघाभर तर आहे’ असं म्हणणाऱ्या मित्राला ‘नको’ म्हणायचं बळ त्याच्याकडे असतं. पाण्याची योग्य जागची भीती शिकवणारा याहून चांगला कोर्स मला माहीत नाही.

तेव्हा हे वाचून लगेच तलावाकडे पळू नका. एकट्याने तर मुळीच नाही. सराव टँकमध्ये करा, आणि उघड्या पाण्यात जायचं तर जाणकार सोबत आणि बचावाची सोय असेल तरच. शेततळ्यात तर चुकूनही उतरू नका, त्यातल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय सटकतो आणि भल्याभल्यांना वर येता येत नाही.

2015 मध्ये मिलिंद सोमणने झुरिचची आयर्नमॅन पूर्ण केली, तेव्हा तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे लोहपुरुष व्हायला तुमच्याकडे अजून पंचवीस-तीस वर्षं आहेत, घाई नाही. या आठवड्यात फक्त एक काम करा. जवळच्या टँकवर जाऊन तिथल्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि तुमच्या कॉलेजच्या जिमखान्यात नेऊन दाखवा. विचारा, ‘सर, यातली कुठली वेळ आमची?’ उत्तर मिळेपर्यंत रोज विचारत राहा. दम टिकवायचा सराव तिथूनच सुरू होतो.