‘हिस्टेरिया’ : एका शब्दाची चिकित्सा

शब्द हे केवळ अर्थाचे वाहक नसतात; ज्या समाजाने ते घडविले त्या समाजाचे पूर्वग्रहही ते आपल्या पोटी वागवीत असतात. ‘हिस्टेरिया’ हा अशा शब्दांपैकी एक होय. भावनेचा बांध फुटून कोणी आक्रोश करू लागले की सुशिक्षित मराठी माणसाच्या मुखी तो सहज येतो. बहुधा तो स्त्रीविषयीच उच्चारला जातो, आणि याचे कारण त्याच्या जन्मातच आहे.

ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेस ‘हिस्टरेक्टमी’ म्हणतात, तेही याच धातूवरून. गर्भाशय आपल्या जागेवरून ढळले की स्त्रीचा श्वास कोंडतो, तिला झटके येतात, अशी प्राचीन ग्रीक वैद्यांची समजूत होती. समजूत गेली, शब्द मात्र राहिला. एकोणिसाव्या शतकात तो युरोपीय वैद्यकात मानाने मिरवू लागला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी हा विकार पुरुषांतही दाखवून दिला. पुढे पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून परतलेले सैनिक मुके झाले, त्यांचे हातपाय लुळे पडले. परंतु त्यांच्या दुखण्यास ‘शेल शॉक’ असे वेगळे नाव मिळाले. लक्षणांत साम्य असूनही स्त्रीच्या वाट्यास गर्भाशय आले आणि पुरुषाच्या वाट्यास रणांगण! अखेर 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणातून निदान म्हणून हा शब्द वगळला.

आपल्या परंपरेतील ‘उन्माद’ हा शब्द या बाबतीत अधिक न्यायी आहे. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले असून भय, हर्ष आणि मनावरील आघात यांची त्याच्या कारणांत गणना केली आहे. तेथे स्त्रीपुरुष असा भेद मुळाशी नाही. अरबीतील ‘जुनून’ हा शब्द ‘झाकणे’ या अर्थाच्या धातूपासून आला; दृष्टीआड असलेला ‘जिन्न’ही त्याच कुळातला. तथापि आपणही निर्दोष आहोत असे नव्हे. हिस्टेरियाला ‘योषापस्मार’, म्हणजे स्त्रियांचा अपस्मार, असा प्रतिशब्द आपल्याकडे वापरात आलाच. शिवाय देवीच्या उत्सवात जिच्या अंगात येते, तिच्यापुढे सारे घर हात जोडून बसते आणि तिचा शब्दन् शब्द ऐकते. तीच स्त्री दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने बोलू लागली, की तिला गप्प बसविले जाते.

अमिरातीतील मराठी कुटुंबांनी याचा विशेष विचार करावयास हवा. येथे माहेर हाकेच्या अंतरावर नसते. पती दिवसभर कामावर, मूल तान्हे, शेजार अपरिचित, राहण्याचा परवानाही बहुधा पतीच्या नोकरीवर अवलंबून. अशा स्थितीत एखादी गृहिणी एके दिवशी आक्रोश करू लागली, तर त्या आक्रोशामागे काही कारण असणारच. पतीने आवाज चढविला तर आपण म्हणतो, ‘कामाचा ताण आहे’. पत्नीने चढविला तर म्हणतो, ‘हिला हिस्टेरिया झाला’. पहिल्या वाक्यात कारणाचा शोध आहे; दुसऱ्यात शोध संपल्याची घोषणा आहे. ज्या विकाराकडे वैद्याने पाहावयाचे, तो अशा वेळी चेष्टेवारी जातो. आणि जे गाऱ्हाणे घरानेच ऐकावयाचे, त्यास विकार ठरविले जाते. दोन्हीकडून नुकसान त्या स्त्रीचेच.

अमिरातीत 2023 साली मानसिक आरोग्याविषयी नवा कायदा झाला. रुग्णाची प्रतिष्ठा व गोपनीयता त्यात महत्त्वाची मानली आहे. भारतातही 2017 साली असा कायदा झाला. परंतु कायदा रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचतो. स्वयंपाकघरातील बोलण्यावर त्याची सत्ता चालत नाही. तेथे संस्कारच हवा. मुलांच्या देखत आईला ‘हिस्टेरिक’ म्हणणारे घर मुलीला मौन शिकविते आणि मुलाला उपहास. त्याऐवजी ‘तुला काय होते आहे?’ एवढे चार शब्द शांतपणे उच्चारावे, उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि गरज वाटल्यास निःसंकोचपणे वैद्याकडे जावे. वैद्यकाने जो शब्द टाकून दिला, तो आपण घरात जपून ठेवण्याचे काहीच कारण नाही.