क्यूनंतर यू नसलेले शब्द

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या बडोद्याच्या घरी स्क्रॅबलचा पट मांडला होता. नातवाच्या हाती क्यूची सोंगटी आली आणि यू काही येईना. इंग्रजीत क्यूच्या पाठीशी यू बहुधा असतोच; तो नसला की ही १० गुणांची सोंगटी गळ्यातली धोंड होते. चिरंजीव मात्र डगमगले नाहीत. क्यू, ए, एन, ए, टी अशी पाच अक्षरे मांडून त्यांनी १४ गुण केले. आम्हांस आनंद झाला. उभी हयात महसूल खात्यात गेली, दौऱ्यावरच्या तंबूंच्या कनाती आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. ‘कनात म्हणजे तंबूचा आडपडदाच ना रे?’ आम्ही विचारले. ‘माहीत नाही, आजोबा. यादीत आहे, चालतो.’

कोश उघडला तेव्हा फजिती आमचीच झाली. शब्द तंबूचा नव्हता. डोंगरपायथ्याचे पाणी उताराउताराने गावापर्यंत आणणाऱ्या भूमिगत कालव्याचे ते नाव. इराणात अशा कालव्यांवर गावेच्या गावे जगली. बुऱ्हाणपूरचा मोगलकालीन कुंडी भंडारा त्याच पद्धतीचा. आणि तो याच मुलाने दोन वर्षांपूर्वी आमचे बोट धरून पाहिला होता! वस्तू डोळ्यांखालून गेलेली, शब्द हातात आलेला, पण दोहोंची गाठ पडलीच नाही.

आपल्या संस्थेच्या बालविभागाने या खेळाची स्पर्धा ‘शब्दसमृद्धी’ या नावाखाली भरवावी, अशी सूचना सध्या पुढे आली आहे. खेळास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो या नावास. आज यंत्राला सात अक्षरे सांगितली की त्यांतून होणारे सारे शब्द लांबीच्या क्रमाने रांगेत उभे राहतात. मधले अक्षर झेड असलेले हवेत, शेवटी जे असलेले हवेत, मागाल ते मिळते. अर्थ विचारण्याची तेवढी गरज कोणास पडत नाही. मुले या याद्या घोकतात आणि आईबाप शब्दसंपत्ती वाढली म्हणून समाधान पावतात.

मुद्रित कोशात शब्द आद्याक्षरानेच शोधावा लागतो. नोकरीच्या काळात इंग्रजी वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडविताना ही अडचण आम्हांस रोज येई. तिसरे अक्षर ठाऊक, शेवटचे ठाऊक, पहिल्याचा पत्ता नाही. मग चेंबर्सची पाने चाळत बसावयाचे. हवा तो शब्द अर्ध्या तासाने मिळे, कधी मिळतही नसे, पण वाटेत दहा अनोळखी शब्द अर्थासह भेटत. इंग्रजी ‘मंगूस’ हा आपल्या मराठी मुंगसाचाच वंशज, हे आम्हांस अशाच एका भटकंतीत कळले. त्या दिवशी फायली उशिरा निघाल्या, हेही कबूल करतो.

प्रतिपक्ष दुबळा नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते! २०२४ साली स्पॅनिशचेही तसेच. स्मरणशक्ती आणि गणित यांचा हा पराक्रम आहे. आम्ही त्यास मनःपूर्वक वंदन करतो. पण त्या विजयावरून त्यांना फ्रेंच येते असे कोणी म्हटले नाही. मग आमच्याच मुलांच्या बाबतीत ही गफलत का? आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने मंदीच्या काळात वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून हा खेळ रचला. १०० सोंगट्यांत ईच्या १२ ठेवल्या, एसच्या मात्र ४ च, कारण एस जोडून अनेकवचन करण्याची सोय फार स्वस्त झाली असती. आयते गुण खेळाच्या जनकालाही नकोच होते.

भेंड्यांतही अक्षरच शोधावे लागे, पण अक्षर मिळाले म्हणजे अख्खा श्लोक म्हणावा लागे. आर्यांचा अर्थ आम्हांस तेव्हा कळत होता असे मुळीच नव्हे. घरातले कोणी वडीलधारे थांबवून विचारीत, म्हणून कळू लागला. आणि गंमत अशी की, क्यूनंतर यू नसलेले पुष्कळसे इंग्रजी शब्द अरबी-फारसीकडून आलेले आहेत. फकीर, कव्वाली, तलाक ही मंडळी त्या यादीत आहेत. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथल्या आपल्या घराण्यांना ते शब्द परके कधीच नव्हते. मुलाला एवढे सांगणारा कोणी पटाशेजारी बसला तर ती शब्दसमृद्धी.

स्पर्धा अवश्य भरवावी. लावलेल्या शब्दाचा अर्थ एका मराठी वाक्यात सांगावा, न सांगितल्यास निम्मे गुण, एवढा नियम घालावा. आमच्या घरी तो लागू झाला आहे. नातवाची अट एकच होती, की आजोबांनाही सूट नाही. परवा आम्ही क्यू आणि आय जोडून ११ गुण मागितले. ‘चिनी प्राणशक्ती,’ आम्ही म्हणालो. ‘हे वाक्य नाही,’ असे म्हणून त्याने साडेपाच लिहिले.